मांजर दूध पिते

बरेच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. नात दर रविवारी फोनवर विचारते, "आजी, ब्लॉगला कुलूप लावलंस का?" कुलूप नाही गं बाई, पण घरात एक प्राणी आलाय आणि त्याच्या मागे दिवस कसा जातो कळत नाही. आज त्याचीच गोष्ट सांगते. नेहमीच्या वाचकांपैकी ज्यांना मांजरांचं वावडं आहे त्यांनी हा लेख सोडून दिला तरी राग नाही. आमच्या थोरल्या जाऊबाईंनी तर वाचायच्या आधीच सोडलाय.

तर झालं असं. २०२४ च्या जुलैत कृष्णा आणि पंचगंगा दोन्ही फुगल्या. वाडीकरांना पाणी नवीन नाही. देवळात पाणी शिरलं की आम्ही दक्षिणद्वाराची वाट बघतो, पादुकांवरून पाणी दक्षिणेच्या दाराने बाहेर पडायला लागलं की लोक स्नानाला धावतात. तेच पाणी आणखी चढलं की मग सामान वरच्या मजल्यावर न्यायला धावतात! २००५, २०१९, २०२१ ही सालं आमच्या भिंतींवर ओल होऊन राहिली आहेत. या वेळी पाणी आमच्या बोळापर्यंत आलं नाही, दोन बोळ खालीच थांबलं. पण खालच्या बोळातली मांजर तिची दोन पिल्लं तोंडात धरून आमच्या परसातल्या लाकडांच्या ढिगामागे ठेवून गेली. दोन दिवस ती येऊन जाऊन होती. तिसऱ्या दिवशी आली नाही, नंतरही नाही.

पिल्लं असतील सहा-सात आठवड्यांची. एक पांढरट पिवळं, एक तपकिरी, अंगावर बारीक नारिंगी ठिपके. नातीने फोनवर बघितलं आणि लगेच बारसं उरकलं. पांढरीचं नाव बासुंदी आणि तपकिरी ती कवठी, वाडीच्या कवठाच्या बर्फीवरून. पुण्यात राहिली तरी पोरीची जीभ वाडीचीच.

आता माझं कर्म ऐका. मी चौतीस वर्षं शाळेत शिकवलं, त्यातली पहिली बरीच वर्षं पहिली-दुसरीला. किती पोरांकडून मी "मांजर दूध पिते" हे वाक्य गिरवून घेतलं असेल याची गणती नाही. 'म' ला काना, 'ज' वर अनुस्वार घालू नका, 'पिते' चा 'पि' ऱ्हस्व. लेखन शुद्ध व्हावं म्हणून एवढा आटापिटा केला, पण वाक्य खरं आहे का हे तपासावंसं कधी वाटलं नाही. त्यात वाडीत दुधाला काय तोटा! सगळा बाजार पेढे, बासुंदी आणि खव्यावर उभा. म्हशीचं घट्ट दूध, वरची साय न काढता, कोमट करून, वर अर्धा चमचा साखर घालून मी दोघींसमोर ठेवलं. त्यांनी वाटी चाटूनपुसून लख्ख केली. मला काय कृतकृत्य वाटलं म्हणून सांगू! दिवसातून चार वेळा हा सोहळा. मध्ये पेढ्याचा चुरा.

पाचव्या दिवशी दोघींना हगवण लागली.

मी दूध पातळ केलं. मग त्यात पाणी वाढवलं. मग कुणी तरी म्हणालं म्हणून भाताची पेज दुधात कालवून दिली. दूध काही मी सोडलं नाही, कारण लेकरू आजारी पडलं की त्याला दूध द्यायचं हे हाडात मुरलेलं. रात्री बासुंदीचं अंग मला गरम लागलं. घरात नातवंडांसाठी आणून ठेवलेली तापाची पातळ पॅरासिटामॉलची बाटली होती. दोन थेंब द्यावेत म्हणून मी ती काढलीसुद्धा. चष्मा सापडला नाही म्हणून सकाळवर टाकलं. पुढे डॉक्टरांकडून कळलं की पॅरासिटामॉल मांजराला विषासारखं असतं. ते पचवायची यंत्रणाच त्यांच्या यकृतात धड नसते, अगदी थोड्या औषधानेही जीव जातो. त्या रात्री चष्मा न सापडणं हे माझं नशीब. बासुंदीचं मात्र नाही. पहाटे साडेचारला काकड आरतीच्या सुमाराला मी उठले तर ती टोपलीत गार पडली होती. कवठी तिच्या पोटाशी तोंड खुपसून बसलेली.

मी औदुंबराखाली वगैरे काही नेलं नाही, परसातच पुरलं. आणि साडेनऊला कवठीला पिशवीत घालून रिक्षाने जयसिंगपूर गाठलं. पाणी उतरून रस्ता मोकळा झाला होता म्हणून बरं.

तिथले प्राण्यांचे डॉक्टर तरुण आहेत. मी बाई होते हे त्यांना माहीत नसावं, पण त्यांनी माझी तोंडी परीक्षा घेतली ती एखाद्या इन्स्पेक्टरसारखी. काय घातलं, किती वेळा, जुलाबात रक्त दिसलं का, शेवयांसारखे जंत दिसले का, उलटी झाली का. मग मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती पटकन जागेवर जायला हवी, कवठीची हळूहळू गेली. म्हणजे अंगातलं पाणी कमी झालं होतं. काट्यावर तिचं वजन भरलं ५४० ग्रॅम. त्यांनी मानेमागच्या कातडीखाली सलाईन सोडलं, तिला छोटं उंटासारखं मदार आलं. जंताचं औषध वजनावर मोजून दिलं. माझं अर्धा किलोचं तूप मोजण्याचं ज्ञान किती जाडंभरडं आहे ते तेव्हा कळलं.

मी विचारलं, "दुसरी दुधामुळे गेली का?"

ते म्हणाले, "आजी, तसं छातीठोक सांगता येत नाही. या वयात जंत असतात, विषाणूचे आजार असतात, ओल असते, आई नसते. पण दुधाने जुलाब वाढतात, आणि अर्ध्या किलोचं पिल्लू जुलाबाने एका रात्रीत कोरडं पडतं."

शिक्षकाला असं उत्तर कळतं. त्यांनी पेपरवर लाल शाई वापरली नव्हती, एवढंच.

दुधाचं शास्त्र त्यांनी थोडक्यात सांगितलं आणि उरलेलं नातीने वाचून दाखवलं. दुधात दुग्धशर्करा असते. ती पचवायला पोटात लॅक्टेज नावाचं विकर लागतं. पिल्लू आईचं पितं तोवर ते भरपूर असतं, आईचं सुटायला लागलं की ते आटत जातं. मग न पचलेली साखर आतड्यात तशीच राहते, पाणी ओढून घेते, जंतू तिला आंबवतात, आणि पोट वाहायला लागतं. काही मोठ्या मांजरांना थोडं दूध सोसतं, म्हणून आपल्याला वाटतं सगळ्यांनाच सोसतं. आवडतं म्हणाल तर आवडतंच, पण ते त्यातल्या स्निग्धासाठी. गोडासाठी नक्कीच नाही. कारण, मंडळी, मांजराला गोड कळतच नाही! जिभेवर गोडाची चव घेणाऱ्या रचनेचं जे जनुक लागतं ते मांजरकुळात निकामी झालेलं आहे, हे अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी २००५ साली दाखवून दिलं. म्हणजे मी घातलेली अर्धा चमचा साखर आणि पेढ्याची गोडी, दोन्ही तिच्या दृष्टीने नुसती भर. वाडीत जन्म घ्यावा आणि पेढ्याची चव कळू नये, काय हा योग!

आता खरी अडचण पुढेच होती. डॉक्टरांनी लिहून दिलं: दूध बंद. उपाशी ठेवायचं नाही, एवढं लहान पिल्लू उपाशी राहिलं तर रक्तातली साखर उतरून आडवं होतं. दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं द्यायचं. काय? "उकडलेलं चिकन. हाड नको, मीठ नको, मसाला नको, कांदा-लसूण तर बिलकुल नको, तो मांजराच्या रक्ताला घातक. बारीक कुस्करून, हवा तर चमचाभर मऊ भात."

मी म्हटलं, "डॉक्टर, मी नरसोबाच्या वाडीची. घरात अंडंसुद्धा आलेलं नाही. वरण-भात, पनीर, सोयाबीन असं काही..."

ते हसले नाहीत, हे मला आवडलं. म्हणाले, "आजी, तुम्ही शाकाहारी आहात. ती नाही."

मांजर हा केवळ मांसावर जगायला घडलेला प्राणी आहे. टॉरिन नावाचं एक द्रव्य त्याला अन्नातूनच घ्यावं लागतं, आणि ते मिळतं मांसात, मासळीत. डाळीत, भाज्यांत नाही. ते कमी पडलं तर डोळ्यांचा पडदा झिजतो आणि हृदयाचा स्नायू सैल पडून फुगतो. गंमत म्हणजे हे हृदयाचं कारण १९८७ साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी शोधलं तेव्हा आजारी मांजरं तयार डबाबंद अन्न खाणारीच होती. त्यानंतर कंपन्यांनी टॉरिन वाढवलं. म्हणजे चूक फक्त माझ्यासारख्या म्हातारीकडूनच होते असं नाही.

घरी आले तर जाऊबाई अंगणातच. "अगं, दत्ताच्या दारात कोंबडी शिजवणार तू? सासूबाई असत्या तर?" मी गप्प बसले, कारण सासूबाई असत्या तर मी खरंच शिजवली नसती. वर आणखी मनात आलं की दत्तमहाराजांच्या पायाशी चार कुत्री आहेत, मागे गाय आहे, मांजर तेवढं नाही. पण ते बोलून दाखवण्याची हिंमत झाली नाही.

पहिल्या दिवशी मी पळवाट काढली, अंडं. त्यात टॉरिन फार नसलं तरी प्रथिनं उत्तम, आणि अंडं म्हणजे कोंबडी नव्हे अशी मनाची समजूत. पण अंडं किती वेळ उकडायचं हे बहात्तराव्या वर्षी कुणाला विचारायचं? आमचे हे सांगलीला गेले की स्टँडसमोर ऑम्लेट खाऊन येत आणि वर वेलदोडा चावत. मला कळायचं, त्यांना वाटायचं कळत नाही. त्यांना विचारता आलं असतं. शेवटी शिरोळ रस्त्याला चिकनचं दुकान असलेला माझा एक जुना विद्यार्थी आहे, त्याला फोन केला. "बाई, तुम्ही? अंडं?" असं म्हणून तो इतका वेळ गप्प झाला की मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाला, "दहा मिनिटं, बाई. पण अंड्याने भागायचं नाही, मी सायकलवरून पाठवतो."

त्याने छातीचा बिनहाडाचा तुकडा पाठवला, दीडशे ग्रॅमचा, दोन पिशव्यांत गुंडाळून, वर पालेभाजीची जुडी. बाईंची अब्रू झाकायला! हाच तो मुलगा, सातवीत पाढे येत नाहीत म्हणून मी ज्याला वर्गाबाहेर उभा केला होता.

परसात जुनी शेगडी मांडली. एक पातेलं, एक सुरी, एक वाटी वेगळी काढली, त्यांना लाल दोरा बांधला. पहिल्यांदा उकळी आली तेव्हा त्या वासाने मला मळमळलं, हे लपवत नाही. नाकाला पदर लावून मी ते बोटांनी नव्हे, काट्याने कुस्करलं. वाटी ठेवली. कवठी आली, तिने एकदा वास घेतला आणि अशी काही गुरगुरली की एवढ्याशा जिवात वाघ कुठून आला समजेना. खाताना ती डोळे मिटून घेत होती. मी पदर सोडला आणि तिथेच पायरीवर बसून राहिले.

तिसऱ्या दिवशी शी घट्ट झाली. ज्यांनी आजारी लेकरू सांभाळलंय त्यांना या वाक्यातला आनंद समजावून सांगायला नको.

पण डॉक्टरांनी बजावलं होतं की नुसत्या चिकनवर पिल्लू वाढवायचं नाही. बिनहाडाच्या मांसात कॅल्शियम फार कमी आणि फॉस्फरस जास्त, महिन्या-दोन महिन्यांत हाडं मऊ पडतात. म्हणजे तयार अन्नाकडे वळणं आलंच. आणि इथे माझ्यातली पेन्शनर जागी झाली. जयसिंगपूरच्या दुकानात तऱ्हा तरी किती! चकचकीत पाकिटावर मासोळ्या, पाकिटामागे मुंगीच्या पायांएवढी अक्षरं. मी तिथेच स्टुलावर बसून चष्मा लावून वाचत होते आणि दुकानदार वैतागत होता.

मी काय वाचलं ते सांगते, कुणाला उपयोगी पडेल. पाकिटावर 'पिल्लांसाठी' असं स्पष्ट हवं आणि 'संपूर्ण' आहार हवा, नुसता वरखाऊ नव्हे. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, म्हणून पहिलं नाव मांस-मासळीचं आहे की मक्याचं ते बघायचं. प्रथिनं तीस टक्क्यांच्या वर. टॉरिन लिहिलेलं हवं. पुढचं चित्र आणि 'प्रीमियम' हा शब्द यांना शून्य गुण.

मग हिशेब. पिल्लाला किलोमागे दिवसाला साधारण दोनशे कॅलरी लागतात. कवठी ५४० ग्रॅम, म्हणजे जेमतेम ११०. कोरड्या दाण्यांत शंभर ग्रॅमला पावणेचारशे-चारशे कॅलरी, म्हणजे दिवसाला तीसएक ग्रॅम. मी घेतलेलं चारशे ग्रॅमचं पाकीट १७० रुपयांना पडलं, ते तेरा दिवस पुरणार, म्हणजे दिवसाला तेरा रुपये. ओल्या पाऊचमध्ये तीन-चतुर्थांश पाणीच असतं, म्हणून तसे दीड पाऊच लागले असते, पंचेचाळीसच्या भावाने जवळजवळ सत्तर रुपये. चिकन त्या आठवड्याच्या भावाने पंचवीस-सत्तावीस, आणि वर अपुरं. आणि मी जे साय-दूध पाजत होते ते दिवसाला वीस रुपयांचं होतं! सगळ्यात महाग आम्ही आजारच घेतला म्हणायचा, रिक्षा आणि सलाईन धरून सातशे.

दुकानदाराने आणखी दोन आमिषं दाखवली. एक, तीन किलोची थैली, किलोमागे बरीच स्वस्त. पण तीन किलो कवठीला तीन महिने पुरणार, आणि वाडीच्या पावसाळ्यात पापड दोन दिवसांत मऊ पडतात तिथे हे दाणे टिकणार कसे? बुरशी आली की पुन्हा पोट. दुसरं, पोत्यातले सुटे दाणे. स्वस्त, पण त्यावर ना तारीख ना यादी, उघड्यावरचं तेल खवट झालेलं. मी शाळेत खिचडीचे तांदूळ तपासलेत, त्या नाकाने मी ते पोतं नाकारलं. छोटं पाकीट आणलं आणि घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ओतलं.

पण एकदम बदललं नाही. पहिले दोन दिवस चिकनमध्ये चार दाणे, मग निम्मे, आठवड्याने सगळे. दाणे कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवून, कारण मांजर मुळात वाळवंटी प्राण्याचा वंश, आपणहून पाणी कमी पितं आणि जुलाबानंतर तर पाणी हवंच. उरलेलं अर्ध्या तासात टाकून द्यायचं. हे टाकणं मला सगळ्यात जड गेलं. पानात टाकू नये हे शिकवण्यात आयुष्य गेलं.

पुढे लशी झाल्या, सहा महिन्यांनंतर ऑपरेशन झालं. ते सगळं लिहीत बसत नाही. कवठी आता साडेतीन किलोची आहे आणि दिवसभर माझ्या पलंगावर लोळते. जाऊबाई परसात अजून पाय ठेवत नाहीत, पण मी देवळात गेले असले की वरूनच डोकावतात, आणि परत आले की विचारतात, "तिचं झालं का गं?" माझं झालं का, हे मात्र विचारत नाहीत. लाल दोऱ्याचं पातेलं अजून परसातच असतं, महिन्यातून एक-दोनदा वर निघतं. वास आता येत नाही असं नाही, पण पदर लावत नाही.

बासुंदीच्या जागेवर मी काही लावलं नव्हतं. यंदा पावसात तिथे आपोआप तेरडा आला.

एक नवीनच त्रास सुरू झालाय. आमचं घर देवळाच्या वाटेवर. गुरुवारी, पौर्णिमेला यात्रेकरूंची रीघ असते, आणि कवठी पायरीवर ऐटीत बसलेली. मग कुणी पेढा ठेवतं, कुणी बासुंदीचा द्रोण. भाविक माणसं, हात रिकामे कसे जाऊ देतील! शेवटी मी पुठ्ठ्यावर माझ्या फळ्यावरच्या अक्षरात लिहून लावलं, "कृपया मांजरीला दूध व पेढे देऊ नयेत. पोट बिघडते."

गेल्या गुरुवारी एक आजोबा पाटी नीट वाचत उभे राहिले. दोनदा वाचली. मग हात जोडून मला म्हणाले, "बरोबर आहे बाई, आज गुरुवार. मग उपासाचं काय चालेल तिला?"